सौर पंपाचं पॅनल: खरी दक्षिण काठीच्या सावलीवरून काढा

प्रश्न (सिन्नर तालुका): सौर कृषी पंप मंजूर झालाय, पॅनलच्या पायाचे खड्डे खोदून झालेत. पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं म्हणून बसवणाऱ्याने मोबाईलवर दक्षिण पाहिली, पण माझ्या मोबाईलवर ती भलतीकडेच दिसते. कुणाचं खरं धरायचं?

उत्तर: दादा, दोन्ही मोबाईल खिशात ठेवा. काँक्रीट अजून पडलेलं नाही, हे फार बरं झालं. आपल्या भागात होकायंत्राची दक्षिण आणि खरी दक्षिण यांत एका अंशाचाही फरक नाही. घोळ होतो तो जवळच्या लोखंडाने. खड्ड्याशेजारी रचलेले अँगल, बोअरचा केसिंग पाइप, उभा ट्रॅक्टर, मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक, यांतलं काहीही दिशा फिरवतं.

सावलीला लोखंडाचा अडथळा नाही. खड्ड्याजवळची जागा सपाट करून पाणी शिंपडा, चोपून घ्या. मधोमध तीन फुटांची सरळ काठी रोवा आणि ओळंबा धरून दोन बाजूंनी तपासा. काठी कललेली असली तर सगळी मेहनत वाया. सकाळी साडेनऊच्या सुमारास सावलीच्या टोकावर खिळा ठोका. काठीच्या बुडापासून खिळ्यापर्यंत सुतळी ताणून तेवढ्याच मापाचं वर्तुळ आखा. सावली आखडत जाईल, मग पुन्हा लांबेल. तीन-चारच्या सुमारास तिचं टोक वर्तुळाला टेकलं की तिथे दुसरा खिळा ठोका. दोन्ही खिळ्यांना ताणलेली सुतळी म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला ३-४-५ फुटांच्या मापाने (एका सुतळीवर ३ फूट, दुसरीवर ४, तिरकं माप ५) गुण्यात, म्हणजे काटकोनात, दुसरी सुतळी धरली की दक्षिणोत्तर मिळाली. यज्ञवेदीची पूर्व काढायला शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, हीच शंकूची (उभ्या काठीची) रीत सांगितली आहे.

काहीजण घड्याळात बारा वाजले की सावली बघतात. तसं करू नका. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि सिन्नर ७४ च्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे खरी मध्यान्ह (सूर्य नेमका दक्षिणोत्तर रेषेवर येण्याची वेळ) सरासरी १२:३४ ला होते. फेब्रुवारीच्या मध्यात ती १२:४८ पर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ लाच येते. फेब्रुवारीत बाराच्या ठोक्याला धरलेली दक्षिण २० अंश पूर्वेकडे सरकलेली असते. उगवतीवरूनही ठरवू नका. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. खिळ्यांची रीत मात्र ऊन असेल त्या कोणत्याही दिवशी चालते.

आखलेली रेषा रात्री ताडून बघा. उत्तरेला हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ अशा दोन मुठी मोजा, त्यांच्या वर ध्रुव सापडेल. रेषेचं उत्तरेकडचं टोक त्याच्या खाली यायला हवं.

एवढं करूनही पाच अंश चुकले तर जीवाला लावून घेऊ नका. पॅनलचा उतार २० अंशांचा असेल तर दिशेतल्या दहा अंशांच्या चुकीनेही वर्षाच्या विजेत जेमतेम टक्काभर फरक पडतो. खरी काळजी बांधावरच्या झाडाची करा. डिसेंबरात सकाळी नऊला २० फुटी कडुलिंबाची सावली ४५ फुटांच्या पुढे जाते, आणि एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या पॅनलांची वीज घटते. पूर्वेला, दक्षिणेला किंवा पश्चिमेला असं झाड असेल तर ते तोडू नका. खड्डे बुजवून पाया दुसरीकडे घ्या, काँक्रीट पडण्याआधी ते सहज होतं.

दुसरा प्रश्न: ढोबळी मिरचीच्या पॉलिहाऊसलाही हीच रेषा वापरायची का?

उत्तर: हो. अनेक गाळ्यांच्या पॉलिहाऊसचे गटर (दोन छपरांमधल्या पाण्याच्या पन्हळी) दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे गटरची सावली दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत राहते. गटर पूर्व-पश्चिम टाकले तर थंडीत तेच तेच बेड सावलीत राहतात आणि तिथली रोपं लांबडी, नाजूक होतात. छपराची खिडकी वारा येतो त्याच्या उलट बाजूला उघडू द्या. वारा कुठून येतो ते शेताच्या मालकाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून आखणीच्या दिवशी स्वतः हजर राहा.