ए लेव्हलचं पहिलं वर्ष : विषय निवडण्याआधी वाचायचं पत्र

प्रिय विद्यार्थ्यास,

इयर १२, म्हणजे ए लेव्हलचं पहिलं वर्ष, सुरू होतंय आणि विषयनिवडीचा फॉर्म समोर आहे, म्हणून आत्ताच लिहितो आहे. ए लेव्हल, म्हणजे विद्यापीठाआधीचा ब्रिटिश अभ्यासक्रम, कागदोपत्री दोन वर्षांची असते. पण ब्रिटनमधलं विद्यापीठ तुझा अर्ज वाचतं तेव्हा त्याच्यासमोर आयजीसीएसईचे (ए लेव्हलच्या आधीची, दहावीच्या वयाची परीक्षा) निकाल आणि पहिल्या वर्षाचं काम, एवढंच असतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी यूकासची (ब्रिटिश विद्यापीठांचे अर्ज हिच्यामार्फत जातात) मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बाकीच्यांची जानेवारीत. शेवटची परीक्षा त्यानंतर, मे-जूनमध्ये. तोवर तुझ्या वतीने बोलतात ते प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शेवटी कोणती ग्रेड मिळेल याचा अंदाज, आणि ते शिक्षक देतात इयर १२च्या चाचण्या आणि वर्षअखेरीच्या परीक्षेवरून. दुसऱ्या वर्षी जोर लावू असं म्हणणाऱ्याचा अर्ज तोपर्यंत गेलेला असतो.

विषय तीन घे. चौथा घ्यायचाच असेल तर फर्दर मॅथ्ससाठी (गणिताच्या पुढचं गणित, वेगळा विषय) घे, कारण गणित, भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांच्या ऑफर, म्हणजे ठरावीक ग्रेडच्या अटीवर देऊ केलेला प्रवेश, तीनच विषयांवर असतात. चार विषयांत ए, ए, बी, बी मिळवणारा तीन विषयांत ए मिळवणाऱ्याच्या मागे पडतो. निवड उलट दिशेने कर: आधी अभ्यासक्रम, मग त्याची अट. इंजिनिअरिंगला गणित आणि बहुतेक ठिकाणी भौतिकशास्त्र लागतं. वैद्यकीयला रसायनशास्त्र जवळजवळ सगळीकडे लागतं, जीवशास्त्र पुष्कळ ठिकाणी. अर्थशास्त्राच्या नावाजलेल्या विभागांना अर्थशास्त्राची ए लेव्हल नसली तरी चालते, पण गणित नसेल तर दार बंद. हे प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

शाळेत कोणतं बोर्ड (परीक्षा घेणारी संस्था) आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचार. याकडे फार थोडी मुलं लक्ष देतात आणि नंतर अडकतात. इंग्लंडमध्ये २०१५पासून ए लेव्हलची सगळी परीक्षा शेवटी एकदम होते, पण बाहेरच्या शाळांत चालणारी आंतरराष्ट्रीय ए लेव्हल अजून टप्प्यांत देता येते. टप्प्यांचे नियम मात्र केंब्रिज आणि एडेक्सेल या दोन्ही मोठ्या बोर्डांचे वेगळे आहेत.

केंब्रिज बोर्डात पहिल्या वर्षी एएस (ए लेव्हलचा पहिला अर्धा टप्पा) देऊन ते गुण १३ महिन्यांच्या आत पुढे नेता येतात. नेता येतात ते अख्खे एएस म्हणून. एखादाच पेपर पुन्हा देऊन सुधारता येत नाही. गणितात पेपर १ आणि पेपर २ ही जोडी फक्त एएसपुरती आहे, तिच्यावरून पूर्ण ए लेव्हलला जाता येत नाही. नोंदणीच्या वेळी हे तपासून घे.

एडेक्सेलच्या आंतरराष्ट्रीय ए लेव्हलमध्ये प्रत्येक युनिट स्वतंत्रपणे पुन्हा देता येतं आणि चांगला निकाल धरला जातो. याच सोयीत मुलं फसतात. गणितात सहा युनिट, प्रत्येकी १०० प्रमाणित गुण, एकूण ६००. ४८० झाले की ए. ए स्टारसाठी (एच्या वरची सर्वोच्च ग्रेड) मात्र शुद्ध गणिताच्या पी१ ते पी४ या चार युनिटांपैकी पी३ आणि पी४ मिळून २००पैकी १८० हवेत. म्हणजे एकूण ५५० असूनही या दोन युनिटांत १७५ असतील तर ग्रेड ए-च. पी१ पुन्हा देऊन ८८चे ९६ करण्यात जानेवारी घालवलास तर ए स्टारच्या दिशेने काहीच सरकलं नाही, उलट पी३चा वेळ गेला. पुन्हा परीक्षा तेव्हाच दे, जेव्हा त्या गुणांनी ग्रेड बदलणार असेल.

विज्ञान विषय घेणार असशील तर प्रात्यक्षिकाचंही बोर्डानुसार बदलतं. एडेक्सेलमध्ये प्रात्यक्षिक कौशल्यांचे लेखी पेपर असतात. केंब्रिजमध्ये पेपर ३ प्रत्यक्ष प्रयोगशाळेत, दोन तासांचा, ४० गुणांचा. इथले गुण हुशारीने नाही, सवयीने मिळतात. मीटरपट्टीने मोजलेली लांबी ४५ लिहू नकोस, ४५.० सेंमी लिही, कारण पट्टी मिलिमीटरपर्यंत वाचते आणि सगळी वाचनं तितक्याच अचूकतेची लागतात. तक्त्याच्या प्रत्येक स्तंभावर राशी आणि एकक दोन्ही लिही. आलेखाची मापं अशी घे की बिंदू दोन्ही दिशांना निम्म्याहून जास्त जाळी व्यापतील. एका मोठ्या चौकोनाला ३ एकक अशी अवघड मापं टाळ. चढ काढताना त्रिकोणाचा कर्ण काढलेल्या रेषेच्या निम्म्याहून मोठा ठेव, आणि टोकं रेषेवरची घे, तक्त्यातली नाही. शेवटची चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो. यातल्या प्रत्येकाला वेगळा गुण आहे, म्हणून पहिल्या प्रयोगापासूनच असं लिही.

केंब्रिजच्या गणितात वेगळं सांगितलं नसेल तर उत्तर तीन सार्थ अंकांत आणि अंशांतला कोन एक दशांश स्थळापर्यंत देतात. मधल्या पायऱ्यांत आकडे पूर्ण ठेव. मध्येच तीन अंकांवर आणलेस तर शेवटचा अंक चुकतो आणि गुण जातो. पायऱ्या न दाखवता कॅल्क्युलेटरवरून उतरवलेल्या उत्तरालाही गुण मिळत नाहीत.

पास्ट पेपर सोडवतातच सगळे. मार्क स्कीम (कशाला किती गुण याचा बोर्डाचा तक्ता) मात्र उत्तर जुळवण्यापुरती पाहिली जाते, ते पुरेसं नाही. गेलेला प्रत्येक गुण का गेला हे एका ओळीत लिही: संकल्पना कळली नव्हती, प्रश्न नीट वाचला नव्हता, की शब्द नेमका नव्हता. जीवशास्त्रात तिसरं कारण फार वेळा निघतं. अलीकडचे दोन-तीन पेपर शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेव.

यूकासच्या अर्जात पाच जागा असतात, वैद्यकीयच्या त्यात चारच, आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा अभ्यासक्रम का हवा हे सांगणारं तुझं निवेदन, २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलं आहे, सगळं मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. वैद्यकीयसाठी यूकॅट ही प्रवेश परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये द्यावी लागते, म्हणजे तिची तयारीही इयर १२ संपायच्या आत सुरू व्हायला हवी.

ऑफर आल्यावर एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (ती हुकली तर राखीव) ठेवता येते. इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा खरोखर कमी असू दे. दोन्हींना ए स्टार, ए, ए लागत असेल तर दुसरी धरून उपयोग नाही. निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतात आणि तेव्हा बऱ्याच शाळा बंद असतात. जूनमध्येच परीक्षा अधिकाऱ्याला विचारून ठेव की त्या दिवशी शाळेत कोण असेल आणि फेरतपासणीचा अर्ज कोण पाठवेल, कारण तो शाळेमार्फतच जातो. फेरतपासणीत ग्रेड खालीही येऊ शकते, म्हणून सीमारेषेपासून किती गुण दूर आहेस ते पाहूनच ठरव. यूकासच्या अर्जातलं नाव आणि जन्मतारीख परीक्षेच्या नोंदीशी अक्षरशः जुळते का, ते नोंदणीच्या दिवशीच पाहून घे.