केमिस्ट्री सुटणार नाही, सुटेल ते काचेचं बीकर

नमस्कार ताई,

तुमची मुलगी रत्नागिरीत टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. तिला लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राची आम्लता शोधायची आहे, आणि घरचे म्हणतात बी.एड. कर, नाहीतर फार्मा कंपनीत लाग. हे खूळ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

खूळ नाही. त्या काळचं पाणी कुणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही, पण त्यात जगलेल्या फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं तळाच्या गाळात शिल्लक आहेत. समुद्रातला बोरॉन बोरिक आम्ल आणि बोरेट अशा दोन रूपांत असतो; कोणतं किती, हे पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर ठरतं (पीएच उतरला की आम्लता वाढली). बोरॉनचे स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचे अणू, तेही दोन, १० आणि ११. जड ११ बोरिक आम्लात जास्त जातो, कवचात मात्र मुख्यतः बोरेट शिरतो. त्यामुळे कवचातलं दोघांचं गुणोत्तर मोजलं की तेव्हाचा पीएच काढता येतो. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्याने तापली, तेव्हा समुद्राचा पीएच सुमारे ०.३ ने उतरला, हे याच पद्धतीने कळलं. औद्योगिक काळापासून आजवर तो सुमारे ०.१ ने उतरला आहे.

म्हणजे ही केमिस्ट्रीच आहे, तीही फार चिकट. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकाच जातीची, एकाच आकाराची शेकडो कवचं वेचायची, धुवायची, विरघळवायची, रेझिनमधून बोरॉन वेगळा काढायचा आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंना वजनानुसार वेगळं करून मोजणारं यंत्र. नेहमीचं बीकर इथे चालत नाही, कारण बोरोसिलिकेट काचेतच बोरॉन! सगळं काम टेफ्लॉनच्या भांड्यांत. हवा गाळायच्या फिल्टरमध्येसुद्धा तशी काच चालत नाही. काही महिन्यांची मेहनत अशा एका चुकीने वाया जाऊ शकते.

वाट अशी: आयआयटी जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला केमिस्ट्रीचाच पेपर, एम.एस्सी., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी.ला पृथ्वी विज्ञानाकडे वळायचं. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. आयसर पुण्यात पृथ्वी आणि हवामान विज्ञान विभाग आहे, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. गोवा तुम्हाला लांब नाही.

गोड बोलून फसवणार नाही: कायम नोकऱ्या मोजक्या आहेत, आणि पीएच.डी. संपेपर्यंत तिच्या मैत्रिणी पगारावर स्थिरावलेल्या असतील. मात्र मास स्पेक्ट्रोमीटरवर बसलेला हात पुढे फार्मा किंवा पर्यावरणाच्या प्रयोगशाळेतही उपयोगी पडतो. तेव्हा फार्माचं दार काही बंद होत नाही. बी.एड. नंतरही करता येतं.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतो. त्याआधी तिला किनाऱ्यावरची ओंजळभर वाळू आणायला सांगा. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बसून त्यातली फोरॅमिनिफेराची कवचं वेचू दे, सलग तीन रविवार. चौथ्या रविवारी ती आपणहून बसते का, ते मला कळवा.