वाचक विचारतात : कमी चाललेली हायब्रिड घेऊ की जास्त चाललेली?

प्रश्न : नमस्कार, सेकंडहँड हायब्रिड घ्यायची ठरवलीय आणि दोन गाड्यांवर येऊन अडलोय. मॉडेल एकच, दोन्ही दहा वर्षं जुन्या. पहिली फक्त ४२,००० किलोमीटर चाललीय, आतून-बाहेरून चकाचक, पण रस्त्यावर चालवायला लागणाऱ्या सक्तीच्या तपासणीच्या नोंदींत मधली दोन वर्षं गायब. मालक म्हणतो गाडी घरी उभीच होती. दुसरी १,४८,००० चाललेली, दरवर्षीची नोंद आहे पण एकदा नापास झालीय आणि दोन-तीन ठिकाणी ‘लक्ष ठेवा’ असे शेरे आहेत. घरचे सगळे म्हणतात पहिलीच घे. आत्ता दोन्ही पास आहेत, मग बॅटरीचं टेन्शन घ्यायचं का?

उत्तर : मी तुमच्या जागी असतो तर दुसरीकडे झुकलो असतो, घरचे काय म्हणायचं ते म्हणू देत. का ते सांगतो.

आधी ते ‘पास’ बाजूला ठेवा. नेहमीच्या तपासणीत ब्रेक, लाइट, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, गंज असलं बघतात, गाडी रस्त्यावर चालवायला सेफ आहे का एवढंच. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीत किती दम उरलाय हे सहसा कोणी मोजतच नाही. त्यामुळे आज पास झालेली गाडी पुढच्या महिन्यात बॅटरीचा खर्च काढू शकते आणि त्यात तपासणाऱ्याची काही चूकही नसते.

मग नोंदी बघायच्या कशाला, तर मुख्य म्हणजे किलोमीटरसाठी. एक कागद घ्या, प्रत्येक तपासणीची तारीख, त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि आधीच्या रीडिंगपासूनचा फरक असं एकाखाली एक लिहून काढा, पाच मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत. समजा ८६,००० नंतर ६८,००० दिसतंय आणि पुढच्या वर्षी थेट ९७,०००, तर बहुतेक कोणीतरी आकडे उलटे टाइप केलेत, सोडून द्या. पण ८६,००० नंतर ५१,००० आणि मग ६०,०००, ७०,००० असं निवांत पुढे चाललंय तर मीटर मागे फिरवलाय, तिथं घासाघीस पण करू नका, सरळ उठा. ब्रिटनमध्ये हा एमओटीचा, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन फुकट बघता येतो, सगळीकडे तशी सोय नसते, मग मालकाकडून सर्टिफिकेटं मागायची आणि त्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघायचा. आणि हो, गॅप आहे म्हणण्याआधी तपासणी किती वर्षांनी असते ते बघा. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची शाकेन, म्हणजे तिथली सक्तीची तपासणी, पहिल्यांदा ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी, तिथून आलेल्या गाडीत मधलं वर्ष कोरं दिसलं तर ते गायब नाहीये.

तुमच्या पहिल्या गाडीत मात्र खरंच गॅप आहे, आणि मालक खोटं बोलतोय असं मी अजिबात म्हणत नाही. उलट तो खरं बोलतोय याचीच मला काळजी आहे. साध्या पेट्रोल गाडीला दोन वर्षं उभं राहणं एकवेळ चालून जातं, बॅटरी बदला, ऑइल बदला, चला. प्लग न लागणारी हायब्रिड असेल तर मोठी बॅटरी फक्त गाडी चालू असतानाच चार्ज होते, उभ्या गाडीत ती आपली आपण हळूहळू उतरत जाते, आणि सगळे सेल सारखे उतरत नाहीत हा खरा घोळ. टोयोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियस हायब्रिडचं उदाहरण घ्या, त्यात निकेल मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल (सेलचे छोटे गठ्ठे) एकापाठोपाठ एक जोडलेली, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, सगळी मिळून २०१.६ व्होल्ट. त्यातलं एक जरी ढेपाळलं तरी अख्खा पॅक त्याच्या मागे खाली येतो.

दुसऱ्या गाडीचं आता. ‘नापास’ शब्दाला घाबरू नका, कारण वाचा. मागचे ब्रेक गंजलेत किंवा अडकतायत असं असेल तर हायब्रिडमध्ये ते अगदी कॉमन आहे, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते आणि ती शक्ती बॅटरीत परत टाकते, डिस्क-पॅडला कामच कमी, मग पॅड वर्षानुवर्षं टिकतात पण डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना जाम होतात. नापास झाली, दुरुस्त झाली, पुन्हा पास झाली आणि त्याचं बिल आहे, तर माझ्या दृष्टीने ही त्या मालकाची जमेची बाजू. बिल नसेल तर काय दुरुस्त केलं ते विचारा. शेऱ्यांमध्ये एकच गोष्ट बघायची, तोच शेरा तीन वर्षं सलग येतोय का. येत असेल तर हा माणूस सर्टिफिकेट घेतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो, आणि जो टायरकडे बघत नाही तो बॅटरी थंड करणाऱ्या हवेच्या फिल्टरकडे कशाला बघेल?

बॅटरी बदललीय असं कोणी सांगितलं तर लगेच खूश होऊ नका, अख्खा पॅक बदलला की खराब झालेली दोन-चार मॉड्यूल काढून दुसरी टाकली हे बिलावर बघा. जुन्यांच्या मध्ये नवीन किंवा दुसऱ्या गाडीतली मॉड्यूल बसवली की काही महिने गाडी मस्त चालते आणि मग शेजारची जायला लागतात. विकायला ठेवायच्या आधी असं करून घेणारे भरपूर आहेत.

दोन्ही गाड्या चालवून बघालच, तेव्हा इंजिन थंड असू द्या. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. स्क्रीनवर बॅटरीचे बार भराभर भरतायत आणि तितक्याच भराभर रिकामे होतायत, किंवा मागून पंख्याचा जोरात आवाज येतोय, तर बॅटरी थकलेली असू शकते.

प्रश्न : विकणारा म्हणतो डॅशबोर्डवर एकही लाइट नाही, मग स्कॅनर कशाला लावायचा. खरंय का?

उत्तर : लाइट पुसता येतो हो! साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं छोटं यंत्र, लावून दोन गोष्टी बघा. एक, बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय. दुसरं, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःच्या घेते त्या चाचण्या, पूर्ण झालेत का. बरेचसे ‘अपूर्ण’ आणि कोड पुसून ३० किलोमीटर, म्हणजे काल-परवाच काहीतरी साफ केलंय. बारा व्होल्टची छोटी बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत असं दिसतं, तर तो तसं म्हणाला तर नव्या बॅटरीचं बिल दाखव म्हणा. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून परत स्कॅन करू दे का, यावर त्याचं तोंड कसं होतं ते बघा. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये पी०ए८० कोड आला तर तो थेट मोठी बॅटरी बदला असंच सांगतो.

प्रश्न : मागच्या सीटजवळ एक जाळी आहे, ती कशाची? आमच्या कुत्र्याची जागा तिथेच असणार आहे.

उत्तर : बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड करायला हवा तिथूनच आत जाते. धूळ-केस अडकले की हवा कमी, बॅटरी गरम, आयुष्य कमी. फिल्टर असेल तर तो काढून बघा, विकत घेताना तर नक्कीच, त्यावरचा थर बघून आधीच्या मालकाबद्दल बरंच कळतं. कुत्रा बसू दे, जाळीवर चादर टाकू नका एवढंच. नारिंगी केबलींना (मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजच्या) मात्र हात लावायचा नाही, कुठल्याच कारणाने.

प्रश्न : रिकॉलचं (कंपनीने दोष काढायला गाडी परत बोलावते ते) काम झालंय की नाही हे तपासणीच्या नोंदीत कळतं का?

उत्तर : त्यावर विसंबू नका. चॅसी नंबर देऊन कंपनीच्या साइटवर किंवा डीलरकडे विचारायचं. २०१४ च्या फेब्रुवारीत टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या जवळपास १९ लाख प्रियस सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या, त्या दोषात इन्व्हर्टरचे (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारं यंत्र) भाग जास्त तापून गाडी चालता चालता बंद पडायची शक्यता होती. असं राहिलेलं काम सहसा फुकट होतं, मालक कितवाही असो. बॅटरीची वॉरंटी विचाराल तर ती गाडीसोबत नव्या मालकाकडे येते का हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या, काही ठिकाणी दरवर्षी डीलरकडे बॅटरी तपासून घेतली तरच ती पुढे वाढते.