वाचकांचे प्रश्न : जलरंगातलं आकाश, काळे डोंगर

प्रश्न : सहावीच्या ४० मुलांकडून जलरंगात सूर्यास्ताचं आकाश करून घ्यायचं आहे आणि त्यावर काळ्या रंगात डोंगर-झाडांची छायाकृती. मागच्या वेळी निम्म्या मुलांचं आकाश मातकट झालं. काय चुकतं? साहित्य किती लागेल?
– कलाशिक्षिका, सांगली

उत्तर : पिवळा आणि जांभळा ओले असताना थेट एकमेकांत गेले की मातकट रंग तयार होतो. पिवळ्याला निळा भिडला तर मध्ये हिरवा पट्टा येतो. म्हणून या दोघांच्या मध्ये नारिंगी आणि गुलाबी हवेतच. रंगांची निवडही पाहा. जांभळा करायला क्रिमसन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घ्या. वर्मिलियनमध्ये (शेंदरी लाल) पिवळ्याची झाक असते, त्यामुळे निळ्यात घातला की तो तपकिरीकडे झुकतो. लेमन यलो, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन या तीन रंगांत सगळं आकाश होतं.

२२ × ३० इंचांच्या एका शीटचे ११ × साडेसात इंचांचे आठ तुकडे निघतात, म्हणजे ४० मुलांना पाच शीट पुरतात. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड) असला तर उत्तम, पण २००च्या खाली जाऊ नका. चार मुलांत एक संच करा आणि रंग आधीच वाट्यांत कालवून ठेवा. वाटाण्याएवढ्या रंगात दोन छोटे चमचे पाणी घाला. ओल्या कागदावर लावताना रंग जास्त फिका होतो आणि वाळल्यावर आणखी उतरतो, म्हणून वाटीत तो डोळ्यांना थोडा भडकच दिसायला हवा.

कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने पॅडवर चिकटवा. रुंद ब्रशने स्वच्छ पाणी फिरवा. कागद चकाकला पाहिजे, पण कुठे तळं साचायला नको. पॅड उलटं फिरवून क्षितिजाची बाजू वर घ्या आणि तिच्याखाली कंपासपेटी सरकवा, म्हणजे गडद निळा ओघळून पिवळ्यात शिरणार नाही. आता क्षितिजापासून पिवळा, त्याच्या ओल्या कडेवर नारिंगी, मग गुलाबी आणि शेवटी निळा-जांभळा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर बोटभर चढवायचा. रंग बदलताना ब्रश धुऊन फडक्यावर टिपायचा. हे सगळं कागदावरची चकाकी जायच्या आत संपवायला हवं आणि नंतर हात लावायचा नाही. हे शेवटचं मुलांना सगळ्यात जड जातं. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याने भरलेला ब्रश टेकला की ते पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर पसरतं आणि दातेरी कडेचा डाग पडतो. तो पुसत बसलात तर कागदाचे तंतू निघतात. डाग तसाच राहू द्या, वाळल्यावर तो बहुतेक वेळा ढगासारखा खपून जातो.

दोन्ही कामं एकाच तासिकेत बसवू नका. आज आकाश, पुढच्या तासाला काळं.

प्रश्न : काळा रंग आकाशात फुटतो. कधी वाळल्यावर बोटाला लागतो. कोणता वापरावा?
– पालक, ठाणे

उत्तर : फुटतो, कारण कागद आत ओला असतो. वरून कोरडा दिसला तरी हाताची मागची बाजू टेकवून पाहा. गार लागला तर थांबा. पावसाळ्यात रात्रभर ठेवलेलं बरं.

लहान मुलांना काळा पोस्टर कलर द्या, घट्ट ताकाइतका पातळ करून. त्याहून पातळ केला तर खालचं आकाश दिसतं आणि मूल पुन्हापुन्हा घासत बसतं, मग आकाशच उखडतं. जाड थर दिला तर वाळल्यावर तडकतो. बोटाला लागू नये असं वाटत असेल, तर दहा-बारा वर्षांच्या मुलांना वॉटरप्रूफ काळी शाई आणि बोरू द्या. बारीक फांद्या बोरूने फार छान निघतात. शाईत ब्रश बुडवलाच तर लगेच धुवा, वाळल्यावर तो वाया जातो.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीची झाडं काळे गोळे दिसतात आणि डोंगर म्हणजे त्रिकोण. छापील आकार गिरवायला द्यावेत का?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : नकोत. गिरवून हात वळेल, पण नजर तयार होणार नाही. छायाकृतीत वस्तू आपल्या आणि उजेडाच्या मध्ये असते, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. ओळख पटते ती फक्त बाह्यरेषेवरून. तेव्हा संध्याकाळी मुलीला गच्चीत न्या, एक डोळा मिटायला सांगा आणि झाडाची कड हवेत बोटाने काढू द्या.

तुमच्याकडे माड आहेत, तिथूनच सुरुवात करा. खोड बुंध्याशी फुगीर, पुढे जवळजवळ सारख्या जाडीचं, किंचित कललेलं. सगळ्या झावळ्या शेंड्यातून फुटतात. आधी प्रत्येक झावळीचा कमानदार दांडा काढायचा, मग पात्या. मुलं पात्या दोन्हीकडे ताठ काढतात, पण वाकलेल्या झावळीच्या पात्या दांड्यावरून खाली लोंबतात. तेवढं बदललं की माड लगेच माडासारखा दिसतो. ताडाची पानं पंख्यासारखी असल्यामुळे त्याचा शेंडा गोल गरगरीत दिसतो. आंबा घुमटासारखा दाट, बाभूळ विरळ. आंब्यातसुद्धा तीन-चार ठिकाणी आकाशाच्या फटी सोडायच्या. त्या नसल्या की गोळा होतो. फांदी बुंध्याकडून टोकाकडे ओढायची, आधी ब्रश दाबून, मग हळूहळू उचलत.

सह्याद्री त्रिकोणी नाहीच. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला, म्हणून माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. लिंगाण्यासारखा सुळका हा अपवाद. मागची रांग उरलेल्या फिक्या जांभळ्याने, वाळल्यावर पुढची त्याहून गडद आणि सर्वांत जवळची काळी. या तीन रांगांनीच खोली येते. काळा भाग कागदाच्या खालच्या एक तृतीयांशात ठेवा. माणूस काढायचा तर बाजूने, हात अंगापासून सुटे. समोरून काढला तर नुसता ठोकळा दिसतो.

प्रश्न : सूर्य पांढरा कसा राखायचा? आणि कागद वळतो त्याचं काय?
– वाचक, नागपूर

उत्तर : एक रुपयाच्या नाण्यावर टिश्यू पेपर ताणून धरा आणि चकाकी नुकतीच गेलेल्या ओल्या रंगावर दोन-तीन सेकंद दाबा. रंग टिपला जाऊन मऊ कडेचा सूर्य उमटतो. कडक कडेचा चंद्र हवा असेल तर आधीच टेपचा गोल चिकटवा.

कागद पूर्ण वाळल्यावर टेप कागदाला लागून, बाहेरच्या दिशेने ओढत काढा. तरी वळलाच तर चित्र पालथं घालून पाठीवर ओलसर स्पंज फिरवा आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. पोस्टर कलर असेल तर स्पंज अगदी पिळून घ्या, नाहीतर काळा लगतच्या कोऱ्या कागदाला चिकटतो.