हाक मारली तरी वळून बघत नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा 22 महिन्यांचा आहे. वर्षाचा असताना 'बाबा', 'दे' असं बोलायचा, आता तेही बंद झालंय. हाक मारली तर वळत नाही, पण मोबाइलवर आवडीचं गाणं लागलं की दुसऱ्या खोलीतून धावत येतो. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो आणि माझा हात त्या वस्तूवर ठेवतो. डब्यांची झाकणं गरागरा फिरवत बसतो. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही उशिराच बोलला. हे म्हणतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघू. हा ऑटिझम असेल का? तपासणीत नेमकं काय करतात? इतक्या लवकर शिक्का बसेल अशी भीती वाटते. लशीमुळे तर झालं नसेल?
— एक आई

उत्तर : पत्रावरून निदान मी करत नाही आणि दुसऱ्या कुणी करून दिलं तरी घेऊ नका. पण वाट बघण्याच्या मी साफ विरोधात आहे. झाकणांमुळे नव्हे, झाकणं पुष्कळ मुलं फिरवतात. येत असलेले शब्द गेले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आलेली भाषा मागे जाणं कुठल्याच वयात 'बघू या' म्हणून सोडून द्यायचं नसतं.

सासूबाई खोटं सांगत नसतील. फक्त त्यांना एवढं विचारा, की बोलत नव्हता तेव्हा आकाशातलं विमान बोटानं दाखवायचा का? नुसतं उशिरा बोलणारं मूल तोंडानं गप्प असलं तरी डोळ्यांनी आणि बोटांनी भरपूर बोलत असतं. दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलं वस्तू हवी म्हणूनच नाही, तर 'बघ ना' म्हणूनही बोट दाखवतात. तुमचा मुलगा तुमचा हात वापरतो, पण त्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? हे नीट पाहून ठेवा, डॉक्टर नक्की विचारतील.

आधी कान. गाणं ऐकून धावतो म्हणजे कान चांगले, असं धरू नका. काही मुलांना ठरावीक पट्टीतलेच आवाज नीट येत नाहीत. गाणं पोचतं, बोलणं अर्धवट पोचतं. ऐकू किती येतं हे बघायच्या ओएई आणि बेरा अशा दोन तपासण्या असतात. बेराला मूल शांत झोपलेलं लागतं, म्हणून त्याच्या झोपेचीच वेळ मागून घ्या आणि वाटेत डुलकी काढू देऊ नका. (इथे भलेभले फसतात.) कानाचा रिपोर्ट येईपर्यंत बाकीचं थांबवू नका. बालविकासतज्ज्ञांची वेळ आजच घ्या, तिथेही बरेचदा रांग असते.

तिथे बहुधा आधी एम-चॅट नावाची प्रश्नावली देतील. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ती असते, हो-नाही अशा 20 प्रश्नांची. एखादी गोष्ट मुलानं क्वचित कधी केली असेल, पण एरवी करत नसेल, तर उत्तर 'नाही' लिहायचं. आईबापाचा हात इथे हमखास 'हो'कडे वळतो. 3 ते 7 गुण आले तर आणखी खोलात प्रश्न विचारतात, 8 किंवा जास्त आले तर थेट सविस्तर तपासणी. ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे.

सविस्तर तपासणी बघणाऱ्याला खेळच वाटतो. तज्ज्ञ साबणाचे फुगे उडवतात आणि मध्येच थांबतात. मूल काय करतं? बाटलीकडे बघून मग त्यांच्याकडे बघतं, की नुसती बाटली हिसकावतं, की फुगे संपले तसं निघून जातं? घट्ट झाकणाची बरणी हातात देतात, तेव्हा ते मदत कशी मागतं? मध्ये तुमच्याशी लांबलचक बोलणं होतं, अगदी जन्मापासूनचं. तुम्हाला मदत करावीशी वाटेल, 'अरे, घरी करतो ना!' म्हणावंसं वाटेल. सांगितल्याशिवाय मध्ये पडू नका. त्याऐवजी घरचे छोटे व्हिडिओ न्या : हाक मारतानाचा, जेवतानाचा, दुसऱ्या मुलांजवळचा. पूर्वी बोलायचा तेव्हाचा असेल तर तोही. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून ऑटिझम कळत नाही. अशा तपासण्या सांगितल्याच, तर त्या दुसऱ्या कशासाठी तरी असतात. कशासाठी ते विचारायला संकोचू नका.

शिक्क्याचं म्हणाल, तर मूल तेच राहणार आहे. अनुभवी तज्ज्ञांना दोन वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांबाबत खात्रीनं सांगता येतं. नाही सांगता आलं, तर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. तोवर स्पीच थेरपी सुरू करता येते, त्यासाठी निदानाचा कागद हातात असावाच लागतो असं नाही. यजमानांना हे दाखवा आणि तपासणीला बरोबर न्या.

लशीचं मनातून काढून टाका. 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 12 मुलांवरचा एक लेख आला, तिथून हे खूळ पसरलं. 2010 मध्ये नियतकालिकानं तो मागे घेतला. नंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, संबंध सापडला नाही. या वयात लशी असतात आणि लक्षणंही याच वयात दिसू लागतात, एवढाच तो योग. एखादा डोस या धास्तीनं राहिला असेल, तर तो देऊन टाका.