चष्म्याची काडी की चष्म्याचे कानशील?

इंग्रजी कथेचा अनुवाद करणाऱ्या एका भगिनींनी एक प्रश्न विचारला आहे. कथेतले वयस्क प्राध्यापक बोलता बोलता चष्मा काढतात, त्याचे 'टेंपल' दातांत धरतात आणि खिडकीबाहेर पाहत राहतात. शब्दकोशात 'टेंपल'चे देऊळ आणि कानशील असे दोनच अर्थ मिळाल्यामुळे भगिनींनी तूर्त 'चष्म्याचे कानशील' असे लिहून ठेवले आहे, पण ते त्यांच्याच कानाला खटकते आहे. हा शब्द चालेल का, आणि चष्म्याच्या बाकीच्या भागांना मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांच्या कानाला खटकले ते योग्यच आहे. चष्म्याच्या त्या भागाला मराठीत काडी म्हणतात. घरोघरी 'चष्म्याची काडी तुटली', 'काडी सैल झाली', 'काडी कानाला टोचते' असेच बोलले जाते, आणि इतका रुळलेला शब्द हाताशी असताना नवा घडवण्याची गरज नाही. तरीही इंग्रजीत या भागाला असे नाव का पडले हे समजून घेतले, तर 'कानशील' येथे का बसत नाही तेही समजते.

इंग्रजीतला देवळाचा 'टेंपल' आणि कानशिलाचा 'टेंपल' हे दिसायला एक असले तरी मुळात दोन वेगळे शब्द आहेत आणि ते लॅटिनमधल्या दोन वेगळ्या शब्दांपासून आले आहेत. चष्म्याचा संबंध त्यातल्या दुसऱ्याशी आहे. इटलीत 1286 च्या सुमारास चष्मा तयार झाला खरा, पण त्यानंतर चारशेहून अधिक वर्षे त्याला काड्याच नव्हत्या. तो नाकावर चिमटून बसवावा लागे किंवा हाताने डोळ्यांसमोर धरावा लागे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, 1730 च्या आसपास, लंडनमधील एडवर्ड स्कार्लेट हा चष्मेवाला दोन बाजूंना ताठ पट्ट्या असलेले चष्मे विकू लागला. या पट्ट्या आजच्यासारख्या कानामागे वळत नसत. त्यांच्या टोकांना कड्या असत आणि त्या दोन्ही कानशिलांवर दाब देऊन चष्मा जागेवर धरून ठेवत. म्हणून त्या पट्ट्यांना कानशिलाचे नाव मिळाले. पुढे पट्टी लांब झाली, कानामागे वळली, तिचा भार कानाच्या मुळावर आला, पण इंग्रजीतले जुने नाव तसेच राहिले. म्हणजे आज इंग्रजीतसुद्धा हा शब्द त्या भागाचे काम सांगत नाही, फक्त त्याचा इतिहास सांगतो. तो इतिहास मराठी शब्दात घडलेला नसल्यामुळे 'चष्म्याचे कानशील' वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही, उलट कानशील म्हटले की आपल्याला आधी थप्पड आठवते.

काही घरांत काडीऐवजी 'दांडी' म्हणतात, विशेषतः जाड प्लॅस्टिकच्या रुंद काड्यांना. हा वापर मला चुकीचा वाटत नाही, पण दोहोंतला मी काडी निवडेन, आणि त्याचे कारण छत्रीत सापडते. छत्रीला एक दांडी असते आणि अनेक काड्या असतात. दांडी ही मधोमध, भार पेलणारी, हाताने धरायची. काड्या बारीक, सांध्यावर फिरणाऱ्या, उघडल्या की पसरणाऱ्या आणि मिटल्या की आत येणाऱ्या. तराजूच्या दांडीचेही तसेच: सगळा तोल तिच्यावर. या घरगुती वर्गवारीने पाहिले तर बिजागरीवर उघडणारा आणि मिटणारा चष्म्याचा भाग काडीच ठरतो, मग तो कितीही जाड असो. शिवाय नाकाच्या मधल्या उंचवट्याला आपण नाकाची दांडी म्हणतो आणि चष्मा टेकतो तो तिथेच, त्यामुळे एकाच वाक्यात दोन दांड्या आल्या तर वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे.

हा शब्द किती जिवंत आहे याची प्रचिती मला गिरगावातल्या एका लहानशा चष्म्याच्या दुकानात नेहमी येते. दादरला गाडीत चढताना खिशातला चष्मा दाबला गेला की मी तिथे जातो. दुकानातले काका चष्मा उलटा करून काचेच्या टेबलावर ठेवतात आणि दोन्ही काड्या टेबलाला सारख्या टेकतात का ते पाहतात. एक जरी अधांतरी राहिली तरी चष्मा तिरका बसणार हे त्यांना तेवढ्यावरून कळते. मग ती काडी गरम हवेच्या झोतात काही क्षण धरून अंगठ्याने हळूच वाकवतात, कारण थंड प्लॅस्टिक वाकवले तर ते तडकते. या सगळ्या वेळात त्यांच्या तोंडी 'उजवी काडी', 'काडीचा स्क्रू', 'काडी मागून वळवतो' असेच शब्द असतात. व्यापाऱ्याकडून माल मागवताना त्यांनी 'टेंपल' म्हटलेलेही मी ऐकले आहे, पण गिऱ्हाइकाशी बोलताना मात्र काडीच.

काडी फ्रेमला जिथे जोडलेली असते त्या सांध्याला दाराखिडकीच्या सांध्याप्रमाणेच बिजागरी म्हणावे. दुकानातही तो शब्द समजतो. काडीच्या कानामागे वळणाऱ्या भागाला स्वतंत्र रूढ नाव नाही, म्हणून 'काडीचे टोक' किंवा 'कानामागचा बाक' असे सरळ लिहावे.

'फ्रेम'ला 'चौकट' हा पर्याय अनेक जण सुचवतात. दाराला चौकट असते, तसबिरीला असते, पण गोल भिंगांच्या चष्म्याला चौकट म्हणताना त्यातला 'चौ' आड येतो, आणि बोलण्यात कुणीही 'मी नवी चौकट घेतली' असे म्हणत नाही. येथे फ्रेम हाच मराठी शब्द समजावा. काचेभोवतीच्या भागाला कड म्हणता येते. ज्या चष्म्याला वरच्या बाजूलाच कड असते आणि खालून काच नायलॉनच्या बारीक दोऱ्याने धरलेली असते, त्याला मुंबईतले दुकानदार 'सुप्रा' म्हणतात, आणि ज्याला कडच नसते त्याला 'रिमलेस'.

दोन काचांच्या मधल्या, नाकावरून जाणाऱ्या भागाला दुकानात 'ब्रिज' म्हणतात. याचे 'पूल' असे भाषांतर करू नये. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात त्या भागालाही इंग्रजीत हेच नाव आहे, आणि मराठीने त्याला 'घोडी' असा सुंदर शब्द स्वतःचा म्हणून दिला. चष्म्याच्या बाबतीत असा शब्द रुजला नाही याची मला हळहळ वाटते, पण म्हणून तिथली घोडी इकडे ओढून आणता येणार नाही. कथेत 'दोन काचांमधला जोड' किंवा नुसते 'नाकावरचा भाग' पुरते. नाकाला टेकणाऱ्या दोन लहान गाद्यांना 'नोजपॅड' म्हणतात. मुंबईच्या घामाने धातूच्या फ्रेममधील तांबे गंजून या गाद्यांभोवती हिरवा थर जमतो, तो अनेकांनी पाहिला असेल.

भिंग आणि काच यांचा मात्र विवेक करायला हवा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बहिर्गोल भिंग आणि अंतर्गोल भिंग असतात, कारण तिथे प्रकाश कसा वळतो हे सांगायचे असते. घरात मात्र काच असते: काच पुसली, काचेला चरा पडला, काचा बदलून घेतल्या. आज बहुतेक चष्म्यांची भिंगे प्लॅस्टिकची असतात, तरी त्यांना काच म्हणण्यात काही चूक नाही, कारण इथे काच हा शब्द पदार्थाचे नाव न राहता त्या भागाचे नाव झाला आहे. कथेतल्या पात्राने काच पुसावी आणि नेत्रतज्ज्ञाने भिंगाविषयी बोलावे, हे स्वाभाविक होईल. त्या भिंगाच्या शक्तीला आपण 'नंबर' म्हणतो. अधिक दोन नंबराच्या भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून दुरून आलेला प्रकाश एकवटतो त्या जागेपर्यंतचे अंतर, अर्धा मीटर असते, म्हणजे 1 ला नंबराने भागले की मीटरमधले अंतर मिळते. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे वाचायला अधिक नंबराचा चष्मा लागतो. त्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाचे नाव वस्तूला देणारा हा शब्द अनुवादात संधी मिळाल्यास जरूर वापरावा.

काडीच्या आतल्या बाजूला पाहिले तर बहुधा 52, मग एक लहान चौकोन, मग 18 आणि शेवटी 140 असे काही आकडे छापलेले आढळतात. पहिला आकडा एका भिंगाची रुंदी, दुसरा दोन भिंगांमधले नाकावरचे अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. नवी फ्रेम घेताना जुन्या काडीवरचे हे आकडे दाखवले तर मापाची चर्चा लवकर आटोपते.

एक शेवटची सूचना व्याकरणाची आहे. फारसीतल्या 'चश्म' म्हणजे डोळा या शब्दावरून आलेला आपला चष्मा एकवचनी आहे. इंग्रजीत तो अनेकवचनी असतो आणि त्याची 'जोडी' मोजतात. त्यामुळे मसुद्यात 'चष्म्यांची जोडी' आली असेल तर तिथे 'एक चष्मा' करावे. तसेच 'चष्मा लागला' म्हणजे त्याची गरज निर्माण झाली आणि 'चष्मा लावला' म्हणजे तो डोळ्यांवर चढवला, हा भेदही सांभाळावा. मूळ प्रश्नातले वाक्य मी असे लिहिले असते: 'बोलता बोलता सरांनी चष्मा काढला, त्याची एक काडी दातांत धरली आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले.'