त्यांच्या आईने चौरंग ओळखला नाही

ताई, नमस्कार.

मी नाशिकचा. वय ६३. एका कारखान्याच्या उत्पादन विभागातून निवृत्त झालो. लाकूडकामाचा नाद तरुणपणापासूनचा. रो-हाउसच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथेच माझं वर्कशॉप. चार वर्षांपूर्वी शेजारी एक शिक्षक राहायला आले, चाळिशीतले. त्यांनाही हाच नाद, पण हाताला वळण अजिबात नव्हतं. करवत कशी धरायची इथपासून मी शिकवलं. पटाशीला धार लावायला शिकवलं. माझा जुना लोखंडी रंधा देऊन टाकला. साडेतीन फुटी सागवानी पट्ट्या दिल्या, दोन शिकंजे दिले, पॉलिशचा उरलेला डबा दिला. त्यांच्या मुलाचं बुकशेल्फ तर जवळजवळ मीच केलं. कधी एका पैची अपेक्षा ठेवली नाही. कुणाचं काही घ्यायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा स्वभाव. (त्यांनी गेल्या अक्षय्य तृतीयेला गावच्या जुन्या घरातल्या फणसाच्या फळ्यांचा एक चौरंग करून दिला होता. दोन फळ्यांमध्ये फट होती. देवाचं काम, म्हणून मी ती भुसा-फेविकॉलने बुजवली, वर वॉलनट, म्हणजे गडद तपकिरी, पॉलिश मारलं. गणपतीत दर्शनाला आले तेव्हा त्यांच्या आईने तो ओळखलासुद्धा नाही, इतका छान झाला होता.) त्यानंतर मात्र ते येईनासे झाले. समोर दिसले की हसतात, ‘कसे आहात काका’ म्हणतात, बस्स. आता त्यांनी लाकडाच्या कडा कोरायचं कसलंसं राउटर मशीन आणलंय आणि गच्चीवर एकटेच काम करत असतात. मी सध्या नातीसाठी अभ्यासाचं टेबल करतोय, पण मन लागत नाही. सौ. म्हणते, सोडून द्या. माझं नेमकं काय चुकलं? माणसं काम झालं की विसरतात, हेच खरं का?

— एक निवृत्त, नाशिक

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात शेजाऱ्यांचा राग आला, दुसऱ्या वाचनात तुमचा. तो अजून उतरलेला नाही, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

काय काय दिलं याचा हिशेब तुम्ही फूट-इंचासकट लिहिलात. पॉलिशचा डबा उरलेला होता हेही सांगायला विसरला नाहीत. एका पैची अपेक्षा नसलेल्या माणसाच्या पत्रात इतकी नोंद कशी, हा प्रश्न मी सोडून देते. माणूस दुखावला की मोजायला लागतोच. मला अडवलं ते कंसातल्या मजकुराने. सगळ्या पत्रात तुम्हाला मिळालेली वस्तू एकच, आणि तिला तुम्ही कंसात बसवलंत. त्यातही शेवटचं वाक्य तुम्ही कौतुकाने लिहिलंय: त्यांच्या आईने तो ओळखलासुद्धा नाही.

अहो, त्या माउलीच्या घरातल्या फळ्या होत्या त्या! गावचं जुनं घर म्हणजे कदाचित माळ्याच्या असतील, कदाचित माजघरातल्या कपाटाच्या. त्यांच्यावर तिने बरण्या ठेवल्या असतील, लोणच्याचं तेल सांडलं असेल. घर मोडताना किंवा आवरताना मुलाने त्या टाकून दिल्या नाहीत, जपून नाशिकला आणल्या. एवढं जपून आणलेलं लाकूड त्याने स्वतःच्या घरासाठी न वापरता तुम्हाला दिलं. तेही नुसतं लाकूड नाही, तुम्ही शिकवलेल्या हाताने वस्तू करून. आणि मुहूर्त कोणता, तर अक्षय्य तृतीया. मला तर ती सरळसरळ गुरुदक्षिणा वाटते. शिक्षक माणूस आहे, त्याला दक्षिणा कशी आणि केव्हा द्यायची हे कळतं.

मग गणपतीत तो आईला घेऊन दर्शनाला आला. मला कुणी सांगितलेलं नाही, पण आईला मुद्दाम आणलं असणार, यावर मी पैज लावते. ‘काकांनी आपल्या चौरंगावर गणपती बसवलाय’ असं घरून सांगून आणलं असणार. ती वाकली, नमस्कार केला, इकडेतिकडे पाहिलं आणि तिला चौरंग सापडला नाही. मुलगा शेजारी उभा. आपल्या म्हाताऱ्या आईला ‘अगं, हाच तो’ असं यजमानांच्या देखत सांगण्याची पाळी त्याच्यावर आली, किंवा त्याने सांगितलंच नाही आणि मुकाट्याने प्रसाद घेऊन गेला. आणि तुम्ही आरतीच्या ताटामागे उभे राहून मनात म्हणताय, काय झकास फिनिश आलंय!

फणसाचं लाकूड पिवळं असतं. ताजं रंधलेलं तर हळदीसारखं, मग वर्षावर्षाला सोनेरी होत जातं, पुढे तपकिरी. कोकणात पाट-चौरंगांना ते मुद्दाम वापरतात. जुन्या घरातली फळी म्हणजे तो सोनेरी रंग यायला काही दशकं गेली असतील. त्याच्यावर तुम्ही वॉलनट मारलंत. सनमायकाच्या कपाटाला शोभणारा रंग!

आता फटीबद्दल. मी स्वतः रंधा मारलेला नाही, पण ज्या घरात वाढले तिथे दर उन्हाळ्यात सुतार ओटीवर बसलेला असायचा, आणि आजोबांचा त्याच्याशी वाद ठरलेला. त्यामुळे एवढं मलाही कळतं की फळी लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलते. हवा कोरडी झाली की आक्रसते, दमट झाली की फुगते. फूटभर रुंदीच्या फळीत उन्हाळा-पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ती काय उगाच? तुम्हाला चौरंग मिळाला अक्षय्य तृतीयेला, म्हणजे नाशिकच्या ऐन कोरड्या उन्हाळ्यात. तेव्हा दिसलेली फट भाद्रपदापर्यंत आपोआप मिटली असती, निदान निम्मी तरी. जन्मभर उत्पादनात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नाही असं मी मानणार नाही. तुम्ही ती फट भुशाने ठासून भरलीत, म्हणजे फुगायला जागाच ठेवली नाहीत. एखाद्या पावसाळ्यात फळी खालच्या पट्टीवरून उचलली गेली तर नवल वाटून घेऊ नका. शिवाय फेविकॉल जिथे सुकतो तिथे पॉलिश धरत नाही. त्या बुजवलेल्या रेघेवर रंग वेगळा दिसतोच दिसतो. तुम्हाला दिसत असेल, त्यालाही दिसला असणार. धार लावताना पात्याची कड उजेडाकडे धरून बघायला तुम्हीच त्याला शिकवलंय ना? मग त्याची नजर तयार आहे.

थोडक्यात, त्याचं काम तुमच्या दृष्टीने कच्चं होतं आणि तुम्ही ते शिकवणी तपासावी तसं लाल शाईने तपासून दिलंत. फरक एवढाच की वही परत दिली नाहीत, देवघरासमोर मांडून ठेवलीत.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? मी त्याच्यासाठी इतकं केलं ते कुठेच गेलं? ते कुठेही गेलं नाही. त्याच्या हातात आहे, आणि म्हणूनच तो आज एकटा काम करू शकतो. काम झालं की माणसं विसरतात असं तुम्ही लिहिता, पण हा माणूस विसरलेला नाही. तो रोज हसून ‘काका’ म्हणतोय. तो आता तुमच्या शेडच्या दारात पाय ठेवायला कचरतोय, कारण तिथे त्याने काहीही केलं तरी त्याच्यावर तुमचा हात फिरणार. बुकशेल्फ ‘जवळजवळ मीच केलं’, हे तुम्ही मला अभिमानाने सांगताय. पोराला बाबांनी केलेलं बुकशेल्फ हवं होतं हो. काकांनी केलेलं सुबक बुकशेल्फ दुकानातल्या बुकशेल्फपेक्षा थोडंच वेगळं.

कुणाचं काही घ्यायचं नाही, हा तुमचा स्वभाव. माझ्या वयाच्या कित्येकांचा तो आहे. कुणाचं मिंधं होऊ नये, हात पसरू नये, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलं गेलं, आणि ज्या दिवसांत ते पाजलं ते दिवस तसेच होते, त्यामुळे आपल्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. पण त्याच आईबापांच्या स्वयंपाकघरात शेजारून वाटी आली की ती रिकामी परत जात नसे, आणि आलेलं खाल्लंही जाई. मीठ जास्त पडलेली आमटीसुद्धा ‘छान झाली होती हो’ म्हणून संपवली जाई. त्या आमटीत पाणी घालून, पुन्हा फोडणी देऊन, ‘बघा, आता कशी झाली’ म्हणून कुणी परत पाठवलेली माझ्या ऐकिवात नाही. देणं तुम्ही अगदी सढळ हाताने केलंत, त्याबद्दल शंका नाही. पण घेणं तुम्हाला जमत नाही, आणि जो घेत नाही त्याच्याशी शेजार टिकवणं फार अवघड. समोरच्याला सतत देणेकऱ्यासारखं वावरावं लागतं. त्यापेक्षा गच्ची बरी.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ आहे. गावोगावच्या शेडमध्ये बहुतकरून निवृत्त पुरुष एकत्र सुतारकाम करतात. त्यांचं म्हणणं असं की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. तुमच्या शेडमध्ये हे अगदी होण्यासारखं होतं. पण खांद्याला खांदा लावायचा तर दोघांनी एकाच पातळीवर उभं राहायला हवं, आणि तुम्ही कायम मास्तरासारखे फळ्यासमोर उभे.

आता काय करायचं ते सांगते. एकच गोष्ट, आणि ती या रविवारी.

नातीचं टेबल करताय ना? त्याच्या कडा अजून गोल करायच्या असतील. केल्या नसतील तर शहाणपणाने तशाच राहू द्या. टेबलाची वरची फळी उचला, शेजारी जा, आणि म्हणा, ‘कडा गोल करायच्यात. मला राउटर चालवता येत नाही. करून द्याल का?’ एवढीच तीन वाक्यं. चौथं वाक्य बोलू नका. चौरंगाचा विषय काढू नका, माफी मागू नका, ‘तुम्ही हल्ली येत नाही’ असला टोमणा तर अजिबात नको. माफी मागितलीत तर बिचारा ‘नाही नाही काका, तसं काही नाही’ म्हणत तुमचीच समजूत काढत बसेल, म्हणजे पुन्हा त्यालाच काम.

मला माहीत आहे, तुमच्या मनात आलं असेल, कडा तर मी रंध्याने आणि पॉलिश पेपरने याहून छान करीन. करालच. प्रश्न तो नाही. ‘मला येत नाही’ हे वाक्य त्याने चार वर्षं तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही, ते त्याला एकदा ऐकू द्या. जन्मभर वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला हे जड जाणार. जाऊ दे.

मशीन त्याच्या गच्चीवर आहे, फळी तिथेच राहू द्या. ‘इकडे शेडमध्ये घेऊन या, माझं टेबल पक्कं आहे’ असं म्हणायचं नाही. तो काम करत असेल तेव्हा फळी घट्ट धरायची आणि गप्प बसायचं. राउटर बाहेरच्या कडेवरून पात्याच्या फिरण्याच्या उलट्या दिशेने सरकवतात, हे त्याला माहीत असेल. नसेल तर पहिल्याच फटक्याला मशीन हातातून ओढ खाईल आणि कळेल. गॉगल मात्र तुम्हीही लावा, ढलप्या थेट डोळ्यात उडतात. आणि चहा आला तर प्या. त्याच्या आईच्या हातचा असेल तर दुसरा कपही घ्या.

चौरंगाला आता हात लावायचा नाही. हे वाचता वाचता तुम्ही मनातल्या मनात वॉलनट खरवडायला सुरुवात केली असेल, म्हणून मुद्दाम लिहिते. दुरुस्तीची दुरुस्ती नको. पुढे कधी त्यानेच ‘काका, तो आपण पुन्हा रंधू या का’ असं विचारलं तर त्याला करू द्या, त्याच्या पद्धतीने, आणि फट ठेवायची की नाही तेही त्यालाच ठरवू द्या.

आणखी एक. राउटर एका जागी क्षणभर जास्त थांबला की लाकूड करपतं. नवशिक्याकडून कोपऱ्यावर हमखास थांबतो. नातीच्या टेबलाच्या एखाद्या कोपऱ्यावर बोटाएवढा काळा डाग पडेल, आणि तो तुमच्याकडे अपराधी चेहऱ्याने पाहील. तेव्हा ‘अरे, घासला की जातो’ म्हणून खिशातून पॉलिश पेपर काढायचा नाही. पॉलिश पेपर त्या दिवशी घरीच ठेवून जा.